सरसकट साठ हजार : जुन्या नाशकातल्या एका ट्रंकेचं प्रकरण

अडतीस कागद, साठ हजार रुपये, सरसकट. मुंबईच्या एका विक्रेत्यानं ही बोली फोनवरच दिली होती आणि 'चार दिवसांत सांगा' असंही म्हटलं होतं. कागद होते जुन्या नाशकातल्या एका वाड्यातले. वाडा पुनर्विकासाला गेला, माळा रिकामा करताना ट्रंक खाली आली आणि तिच्यात कपड्यांऐवजी कॉमिक्सची मूळ चित्रं, म्हणजे छपाईसाठी हातानं काढलेली पानं, निघाली. घरातला नातू अंबडला कंपनीत नोकरी करतो. त्याचा प्रश्न सरळ होता : भाव बरोबर आहे का?

मी स्वतः मूळ पानं जमवतो, म्हणून अशी माणसं माझ्यापर्यंत येतात. पहिल्याच भेटीत त्याला सांगितलं की यातलं एकही पान मी विकत घेणार नाही. भाव सांगणारा आणि घेणारा एकच असला की सांगितलेला भाव खालचाच निघतो, मग माणूस कितीही सज्जन असो. विक्रेत्याची बोली मला फसवणूक वाटली नाही. ढीग न उलगडता घ्यायचा तर व्यापारी असाच भाव करणार. पण भाव बरोबर की चूक हे सांगायला आधी त्या ढिगात काय आहे ते कळायला हवं होतं, आणि तेच कुणाला माहीत नव्हतं.

ट्रंक आजोबांची. ते चित्रकार नव्हते, अक्षरलेखक होते. सत्तरच्या दशकात मुंबईत गिरगावात खोली घेऊन राहिले आणि कॉमिक्सच्या फुग्यांतला मराठी मजकूर हातानं लिहून देण्याचं काम केलं. ज्या प्रकाशनासाठी त्यांनी सर्वांत जास्त लिहिलं ते पुढे बंद झालं. नाशकात परतल्यावर त्यांनी मेन रोडवरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि ट्रंकेला कधी हात लावला नाही. आजींना एवढंच आठवत होतं : "ऑफिस आवरायला काढलं तेव्हा मालक म्हणाले, न्या हवं ते. हे घेऊन आले. मी म्हटलं, एवढी रद्दी कशाला?" कुटुंबानं नावं न देण्याची अट घातली आहे. त्यामुळे चित्रकार आणि प्रकाशन यांचीही नावं इथं नाहीत. चित्रकार आज हयात नाहीत, पण जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव मानानं घेतलं जातं, एवढं पुरे.

आधी ढीग वेगळा केला

नातवाच्या मते ट्रंकेतला ऐवज म्हणजे वेताळची, इंग्रजीतल्या फँटमची, दोन पानं. मराठी फुगे, खोपडीच्या गुहेतला प्रसंग, कडेला पेन्सिलीच्या खुणा. नेटवर मूळ पानांच्या किमती बघून त्याची झोप उडाली होती. नेमकी हीच दोन पानं मूळ नव्हती, आणि ते सांगायला भिंगाचीही गरज नव्हती. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्यात वेताळच्या ज्या गोष्टी यायच्या त्या अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकांवरून घेतलेल्या. आतली चित्रं तिकडं काढली जायची. १९६१ पासून पुढची तीसेक वर्षं ती साय बॅरी यांच्या हातची. आपल्याकडे काढली गेली ती मुखपृष्ठं, ज्यांत गोविंद ब्राह्मणिया यांचं नाव सगळ्यांत आधी येतं. आणि १९७६ पासून बहादूर हा देशी नायक, जो आबिद सुरतींनी लिहिला आणि ब्राह्मणियांनी काढला. म्हणजे नाशकातल्या माळ्यावर बहादूरचं मूळ पान मिळू शकतं, एखाद्या मुखपृष्ठाचं रंगवलेलं चित्रही मिळू शकतं. वेताळच्या आतल्या पानाची मूळ शाई मिळणं जवळजवळ अशक्य. मिळतो तो ब्रोमाइड, म्हणजे छायाचित्राच्या कागदावर काढलेली प्रत.

हे दोन ब्रोमाइड आजोबांनी सरावासाठी वापरले असावेत. चित्र प्रतीचं, पण त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांवरची अक्षरं त्यांच्या हातची, अस्सल शाईतली. त्याला बाजार नाही. आजींनी मात्र ती दोन पानं तिथल्या तिथे उचलून बाजूला ठेवली, आणि माझ्या मते तेच योग्य होतं.

उरलेल्या कागदांची तपासणी एका संध्याकाळी वाड्याच्या ओसरीवर झाली. शेजारी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांचं भिंग माझ्या भिंगापेक्षा चांगलं आणि नजर त्याहून. नाशिक रोडला आयुष्य गेलेल्या माणसाला छापील रेघ आणि हातची रेघ यांतला फरक शिकवावा लागत नाही. छापलेल्या रंगात ठिपके दिसतात. ब्रोमाइडचा काळा रंग सगळीकडे सारखा सपाट असतो, कागद गुळगुळीत, आणि जुना असेल तर गडद भागावर चांदीसारखी निळसर झाक येते. हातच्या शाईत ब्रशनं जिथं दुसऱ्यांदा भरलं तिथं काळं जास्त दाट दिसतं. बॅटरी आडवी धरली की निबनं कागदात पाडलेली चर दिसते. पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्या दिसतात, वाळून त्यांचे पोपडे निघालेले असतात. शाईखाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा राहिलेल्या असतात. त्या कुणी पुसत नसे, कारण छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर निळा रंग उमटायचाच नाही. समासात 'इतकं लहान करा', 'फुगा डावीकडे घ्या' अशा सूचना असतात. या खुणा ज्याला डाग वाटतात त्यानं मूळ पानं घेऊ नयेत. पान खरोखर छपाईसाठी राबलं आहे याचा पुरावा त्याच देतात.

नोटा तपासायचा निळा दिवाही लावून पाहिला. कागद झगझगीत निळा-पांढरा दिसला तर तो अलीकडचा असण्याची शंका येते, पण कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायनं १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत असतात, त्यामुळे निव्वळ दिव्यावर निकाल देऊ नये. इथे कागद मळकट पिवळाच दिसला. बरं वाटलं, इतकंच.

हिशेब असा लागला. आतली मूळ पानं २८. रंगवलेली मुखपृष्ठं दोन. काळ्या-पांढऱ्या छापावर हातानं रंग भरून छपाईवाल्याला दिलेले रंगनमुने तीन. ब्रोमाइड पाच, वेताळच्या दोनांसकट. विक्रेत्याची बोली या सगळ्यांना एकाच मापानं मोजत होती, म्हणजे कागदामागे सोळाशे रुपयांच्या आत.

छापील अंक

इथपर्यंतचं काम कुणीही चिकाटीनं करू शकतो. पानाला खरी किंमत मिळते ती पुढच्या टप्प्यात, आणि तोच टप्पा बहुतेक लोक गाळतात. ज्या अंकात ते पान छापलं गेलं तो अंक शोधायचा आणि पान त्याच्या शेजारी ठेवायचं.

पानांच्या मागं पेन्सिलीनं पानक्रमांक आणि एक कामाचा क्रमांक होता, अंकाचं नाव नव्हतं. कथा शिवकाळातली, एका किल्ल्याच्या वेढ्याची, एवढं चित्रांवरून कळत होतं. फुगे कोरे. यात नवल काही नाही. एकच चित्र दोन-चार भाषांत छापायचं तर मजकूर वेगळ्या कागदावर लिहून जोडणंच सोयीचं. पण कोरे फुगे असले की कथा ओळखणं अवघड होतं. रद्दीवाल्यांकडे सांगून ठेवलं, बुधवारच्या बाजारात विचारलं, शेवटी नाशिक रोडच्या एका जमवणाऱ्याकडे अंक निघाला. त्याने अंक हातचा जाऊ दिला नाही. आपल्यासमोर बसून पान-पान जुळवा, म्हणाला. ते बरंच झालं, कारण असल्या कामात चार डोळे लागतात.

जुळवल्यावर चित्र पालटलं. २८ पैकी २६ पानं त्या एका अंकाची निघाली. कथेची पानं तीस, म्हणजे चारच हरवलेली. उरलेली दोन पानं दुसऱ्याच गोष्टीची होती, रेघही सैल. आरंभीचं पान, ज्यावर कथेचं नाव येतं आणि अर्ध्याहून जास्त जागेत एकच मोठं चित्र असतं, ते सुस्थितीत होतं. आणि दोन मुखपृष्ठांपैकी एकच छापलं गेलेलं होतं. दुसऱ्यात तोच किल्ला, तेच पात्र, पण मांडणी वेगळी. अंकावर ते नव्हतं. नाकारलेलं मुखपृष्ठ.

आता यातली बोचणारी गोष्ट. छापलं गेलेलं मुखपृष्ठ नातवाच्या चुलत भावानं 'खराब होऊ नये म्हणून' झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं होतं, ट्रंक उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी. गरम करून चिकटवलेलं प्लॅस्टिक रंगासकट कागदात बसतं. ते काढायला गेलं तर रंग त्याच्याबरोबर येतो. ट्रंकेतल्या सर्वांत मोलाच्या कागदाचं त्या दुकानात दोन मिनिटांत काय झालं ते बघून मी थोडा वेळ काही बोललो नाही. भाऊ बिचारा चांगल्या मनानं गेला होता. लायसन्सपासून मार्कशीटपर्यंत सगळं लॅमिनेट करायची आपल्याला सवयच आहे.

बाकीचं नुकसान सौम्य होतं. ट्रंक २००८ च्या सप्टेंबरातल्या पुरात खालच्या खोलीत होती. तळाच्या पाच पानांना पाण्याची तपकिरी रेघ कडेनं आली होती, चित्रापर्यंत पोचली नव्हती. चिकटपट्टी पिवळी पडून तिचा डाग उतरला होता. रबर सोल्यूशननं लावलेल्या तुकड्यांखाली कागद चहाच्या रंगाचा झाला होता. कसर जवळजवळ नव्हती. आजींनी वर्षानुवर्षं ट्रंकेत वेखंड टाकलं होतं. 'पुसून, चिकटवून द्यायचं का?' असं नातवानं विचारलं. विकण्याआधी काहीही दुरुस्त करायचं नाही, असं सांगितलं. घेणाऱ्याला वाटलं तर तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या जाणत्या ठिकाणी विचारेल. घरगुती दुरुस्तीनं भाव पडतो, आणि न सांगता केली तर अब्रूही जाते. विक्रेत्यानं जाता जाता 'सह्या नाहीत, करून घेता येतील' असंही सुचवलं होतं म्हणे. ती फोनवरची गोष्ट, खरीखोटी मला ठाऊक नाही. पण मेलेल्या माणसाची सही मारणं याला खोटेपणा म्हणतात, आणि तो दिसतोही : चाळीस वर्षं जुन्या शाईशेजारी नवी शाई निराळी उमटते.

पान कुणाचं?

भावाच्या आधी मालकीचा विषय काढला तेव्हा घरात थोडं ताणाताणीचं झालं. ट्रंक घरात होती म्हणजे आमची, हे नातवाचं म्हणणं. त्यात दोन गाठी होत्या.

पहिली घरातलीच. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगी आणि आधी गेलेल्या मुलाचे वारस हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. म्हणजे जळगावला दिलेल्या आत्याची सही लागणार. तिला कुणी कळवलंही नव्हतं. फोनवर आत्या म्हणाली, "मला पैसे नकोत रे, पण मला विचारायचं तरी." मग म्हणाली, पैसेही द्या. दोन्ही रास्त होतं.

दुसरी गाठ चित्रकाराची. कागद जवळ असणं आणि चित्राचे छापायचे हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान विकत घेणारा ते भिंतीवर लावू शकतो, टी-शर्टवर छापू शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्कदार कोण हे चित्रकार नोकरीत होता की पानामागे पैसे घेऊन काम करत होता, करार काय होता यावर ठरतं. पहिला हक्कदार चित्रकारच ठरला तर कलम ५३अ लागू होतं : मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के, कॉपीराइट संपेपर्यंत. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. या कलमाचं नावही बहुतेक व्यवहारांत निघत नाही. आणि मालकानं 'न्या हवं ते' म्हटल्याचा कागद तर कुठेच नव्हता, होती ती आजींची आठवण.

अमेरिकेत हा गोंधळ एका टप्प्यावर थोडा सुटला. तिथल्या मोठ्या प्रकाशनांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पानं चित्रकारांना परत द्यायला सुरुवात केली, आणि चित्रकार ती विकू लागले. जुन्या पानांचा वाद मात्र पेटला. चित्रकार जॅक कर्बी यांना आपली पानं परत मिळवायला भांडावं लागलं, आणि १९८७ मध्ये मार्वल या प्रकाशनानं परत केली ती त्यांनी काढलेल्या हजारो पानांपैकी थोडी. आपल्याकडे अशी परत देण्याची सर्वमान्य रीत नव्हती. म्हणून आपल्या बाजारातल्या बऱ्याच पानांचा प्रवास 'कुणाकडून तरी' असा सुरू होतो आणि तिथेच भाव अडतो.

माझा सल्ला होता की चित्रकाराच्या घरच्यांना आपणहून गाठा. नातवाला ते पटलं नाही. "काका, झोपलेल्याला कशाला उठवायचं?" हा त्याचा प्रश्न व्यवहारी होता. उत्तरही व्यवहारीच दिलं : तू विकल्यावर ते उठले तर घेणारा तुझ्या दारात येईल.

चित्रकारांची मुलगी पुण्यात राहते. पहिलं बोलणं कडू झालं. वडिलांना एकही पान परत मिळालं नव्हतं, आणि आता ती नाशकात एका ट्रंकेत निघतात हे ऐकून कुणालाही राग येईल. आजी स्वतः फोनवर आल्या तेव्हा सूर बदलला. त्या दोघींच्या बोलण्यातूनच मार्ग निघाला. पुण्याच्या या ताईंनी हवी ती सहा पानं घ्यायची, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या किमतीतले दहा टक्के त्यांचे, आणि त्यांनी लेखी द्यायचं की चित्रं वडिलांच्या हातची आहेत आणि विक्रीला हरकत नाही.

त्या नाशकात आल्या आणि पानं पाहिली. किल्ल्यावरच्या लढाईला त्यांनी हात लावला नाही. बाजारपेठेची, विहिरीवरच्या बायकांची, वाड्यातल्या जेवणाच्या पंगतीची अशी सहा पानं निवडली, कारण त्यांतल्या चेहऱ्यांत त्यांना आपल्या आत्या आणि शेजारी दिसत होते. रेघ सैल असलेल्या दोन पानांवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बाबांची नाहीत. शाई त्यांच्या हाताखालच्या मुलाची आहे." मला संशय होता, आता खात्री झाली. या एका भेटीनं दोन पानांचा भाव अर्ध्यावर आला आणि बाकी सगळ्यांचा भाव बांधला गेला. सहा पानं आणि दहा टक्के देऊन घरच्यांनी जे विकत घेतलं ते म्हणजे प्रत्येक पानासोबत जाणारं एक पत्र, आणि माझ्या अंदाजानं त्या पत्राची किंमत दिलेल्यापेक्षा जास्त होती.

आकडे

नातवाच्या मोबाइलमध्ये परदेशातले आकडे होते. ते खरेच आहेत, म्हणून त्यांचा उलगडा करायला हवा होता. जानेवारी २०२२ मध्ये मार्वलच्या 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकातलं एकच पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. चित्रकार माइक झेक. त्या पानावर स्पायडर-मॅनला काळा पोशाख मिळतो, आणि त्या पोशाखातून पुढे एक अख्खं पात्र जन्माला आलं. त्याच अंकातली, त्याच हातची, तितकीच जुनी इतर पानं या भावाच्या आसपासही जात नाहीत. भाव त्या प्रसंगाला आला. दुसऱ्या टोकाला 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकातली स्पायडर-मॅनच्या पहिल्या गोष्टीची मूळ पानं आहेत. कुणीतरी नाव न सांगता ती २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली, त्यामुळे त्यांचा बाजारभाव हा प्रश्नच मिटला.

नाकारलेल्या मुखपृष्ठाबद्दल नातू निराश होता. सहसा न छापलेल्या चित्राला कमीच भाव येतो, कारण वाचकाच्या आठवणीत ते नसतं. पण टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी त्याचे बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९३६ मध्ये रंगवलेलं मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून नाकारलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात तेच जवळजवळ ३२ लाख युरोंना विकलं गेलं. नियम मोडतो तो असा. मात्र नाशकातल्या ट्रंकेला एर्जेचं माप लावायचं नसतं.

आपल्याकडे भाव ठरवताना गिऱ्हाईक कोण हे आधी बघावं. प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठी इतिहास-पुराणं काढली आणि पुढे राज कॉमिक्सचा नागराजही काढला. एकाच हाताची ही दोन पानं दोन निरनिराळ्या घोळक्यांत विकली जातात, आणि एका घोळक्यातला माणूस दुसऱ्या पानाकडे ढुंकूनही बघेलच असं नाही. आमची पानं शिवकाळातली, म्हणजे गिऱ्हाईक मुख्यतः मराठी, आणि त्याला हवा किल्ला, घोडा, तलवार.

मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. नेटवर याच चित्रकाराचं एक पान पंधरा हजारांना लावलेलं होतं आणि ते लावलेलंच होतं. मी धरले ते तीन व्यवहार, ज्यांत पैसे खरोखर हातात पडल्याचं मला माहीत होतं : बोलण्याची दोन पानं साडेतीन आणि साडेचार हजारांना, लढाईचं एक नऊ हजारांना. त्यावरून बोलण्याचं पान, म्हणजे दरबारात माणसं उभी राहून बोलताहेत असं पान, चार हजार हे माप धरलं. त्याच्या दीडपट ज्यात बोलणं आणि हालचाल दोन्ही आहे ते, अडीचपट लढाईचं, साडेचारपट आरंभीचं, अकरापट मुखपृष्ठ. हे पट शास्त्रातले नाहीत. मी पाहिलेल्या व्यवहारांवरून बसवलेले आहेत आणि दुसरा जमवणारा ते थोडे वर-खाली करेल. पाण्याची रेघ चित्राबाहेर असेल तर दहावा हिस्सा कमी, असं ठरवलं. लॅमिनेट केलेल्या मुखपृष्ठावर मी दहा हजार लिहिले आणि तेही जास्त वाटले.

ताईंची सहा आणि आजींनी ठेवून घेतलेलं एक मूळ पान वगळता विकण्याजोगी २१ पानं उरली : आरंभीचं एक, लढाईची सात, मिश्र चार, बोलण्याची नऊ, ज्यांतली दोन हाताखालच्या मुलाची म्हणून निम्म्या भावात. पानांचे १ लाख ४४ हजार, मुखपृष्ठांचे ४४ आणि १० हजार. एकूण १ लाख ९८ हजार, पाण्याच्या रेघेची सूट धरायच्या आधी. सरसकट बोलीच्या तिप्पटीहून जास्त, आणि तेही सात मूळ पानं बाजूला काढून. अर्थात पुढे विकताना विक्रेत्याला भाडं, वेळ, न खपणाऱ्या मालाचा बोजा सोसावा लागतो, हेही नातवाला सांगितलं. तो साठात घेऊन एक लाख ९८ हजारांना उद्याच विकणार नव्हता.

सगळं एकदम विकावं का? माझं मत नाही होतं. एक तर एकाच चित्रकाराची वीस पानं एकाच महिन्यात बाजारात आली की घेणारे थांबून राहतात. दुसरं, तीसपैकी सव्वीस पानं एकत्र असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ताईंच्या सहा पानांची स्वच्छ प्रत आपल्याकडे असल्यामुळे कथा अजूनही वाचता येते. एखाद्या संस्थेला ती एकत्र द्यावी असं मला वाटत होतं. घराला मात्र पैसे हवे होते. वाडा उभा राहीपर्यंत इंदिरानगरला भाड्यानं राहायचं होतं. शेवटी लढाईची चार, आरंभीचं पान आणि नाकारलेलं मुखपृष्ठ विकायचं ठरलं. कथेतून आरंभीचं पान काढायला माझा विरोध होता. तो मानला गेला नाही, आणि माल त्यांचा होता.

प्रत्येक पानासोबत तीन गोष्टी दिल्या : ताईंच्या पत्राची प्रत, छापील पानाचं छायाचित्र मूळ पानाशेजारी ठेवून, आणि खोडांची यादी, पाण्याच्या रेघेपासून टाचणीच्या भोकापर्यंत. लढाईची पानं नऊ, दहा, अकरा आणि चौदा हजारांना गेली. चौदाच्या पानावर कड्यावरून उतरणारी दोराची माळ, म्हणजे शिडी, आहे. नऊच्या पानावर तीच लढाई, पण सगळे पाठमोरे. आरंभीच्या पानाला अठरा धरले होते, सोळा मिळाले. मुखपृष्ठाला ४४ धरले होते, ५२ मिळाले. घेणाऱ्याला ते नाकारलेलं आहे म्हणूनच हवं होतं, कारण छापलेलं त्याच्याकडे अंकावर होतंच. एकूण १ लाख १२ हजार. ताईंचे ११ हजार २००. एकानं रोख देऊ केले. सगळं बँकेतून घेतलं. चित्रं ही आयकराच्या दृष्टीनं घरगुती वापराच्या वस्तूंत बसत नाहीत, विकली की भांडवली नफा मोजावा लागतो, आणि वारशानं आलेल्या जुन्या वस्तूसाठी १ एप्रिल २००१ चा भाव धरायची मुभा आहे. तो भाव कसा दाखवायचा यावर त्यांचे सीए अजून डोकं खाजवताहेत.

उरलेली सोळा पानं आम्लमुक्त कागदात, पॉलिएस्टरच्या पिशव्यांत, सपाट ठेवली आहेत. पीव्हीसीच्या फाइली आणि तळमजला दोन्ही टाळलं. त्यांत लढाईची तीन आहेत. ती पुढच्या दिवाळीनंतर काढायची, आणि माप दहा हजारांचं न धरता विकल्या गेलेल्या चारांच्या सरासरीवर, म्हणजे अकरा हजारांवर धरायचं, असं नातवाशी ठरलं आहे. आत्याची सही या वेळी आधी घ्यायची, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं.